झाड कललंय की कलतंय?

वादळ रात्री साडेअकराला ओसरलं आणि सकाळी सहाला आमच्या फाटकाशी आठ-दहा माणसं माना वर करून उभी होती. शिरीषाची दक्षिणेकडची मोठी फांदी खोडापासून सोलून निघाली होती आणि सालीच्या एका पट्ट्यावर लोंबत होती. निघाली तिथे माझ्या उंचीएवढी जखम. कडेला पांढरं, आत तपकिरी लाकूड, पावसाने चिंब. शेजारचे काका म्हणाले, "हे झाड गेलंच म्हणून समज. आजच्या आज पाडून घे." सासूबाई आतूनच म्हणाल्या, "एका फांदीपायी आख्खं झाड? तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही असं म्हणालो होतो का?"

मीही तेव्हा वरच बघत होते. पायाखाली काय चाललंय हे कळायला मला अजून एक दिवस लागायचा होता.

रात्रीचं थोडं सांगते, कारण तिथे आमची मोठी चूक होता होता राहिली. फांदी फाटल्याचा आवाज झाला तसा नवरा टॉर्च घेऊन अनवाणीच निघाला. मी दारातच धरलं. अंधारात झाडाखाली जाऊन तो बघणार काय होता? आणि मुख्य म्हणजे तारा. फांदी विजेच्या तारेवर पडली असेल तर तार शांत दिसते, ठिणगी नाही, आवाज नाही, पण झाडातून, कुंपणाच्या जाळीतून, ओल्या जमिनीतूनही वीज येऊ शकते. निदान १० मीटर लांब राहायचं आणि वीज कंपनीला फोन लावायचा, त्यात घरच्या पुरुषाने मर्दुमकी दाखवण्यासारखं काही नसतं. आमच्याकडची तार घराच्या पलीकडच्या बाजूने येते, म्हणून निभावलं.

सकाळी मी आधी झाडाची उंची मोजली. शाळेत गणित शिकवते, फळ्यावरचा मोठा लाकडी गुण्या घरीच असतो. त्याचा ४५ अंशांचा कोन डोळ्याशी धरायचा, खालची बाजू आडवी ठेवायची, आणि तिरक्या बाजूच्या रेषेत शेंडा येईपर्यंत मागे मागे जायचं. खोडापासून जितके मीटर मागे आलो त्यात डोळ्यांची उंची मिळवली की झाली झाडाची उंची. साडेबारा अधिक दीड, १४ मीटर. झाडापासून घराची भिंत ६ मीटरवर. त्या भिंतीआड धाकटीची खोली, आणि तिचा पलंग बरोबर खिडकीखाली. एवढं कळल्यावर जखम किती मोठी हा प्रश्न माझ्यापुरता मागे पडला. हेच झाड मोकळ्या माळावर असतं तर मी त्याला एवढं निरखलंही नसतं. धोका झाडात असतो तितकाच त्याच्या सावलीत कोण झोपतं यातही असतो. उंचीच्या दीडपट अंतरात, म्हणजे २१ मीटरच्या आत, कुणी रेंगाळायचं नाही असं ठरवलं. कपडे वाळत घालायच्या दोरीने तेवढी बाजू बंद केली. धाकटीची गादी पलीकडच्या खोलीत गेली.

लोंबणारी फांदी ही तातडीची बाब होती, वादच नाही. ती तासाभरात पडेल किंवा महिनाभर तशीच राहील, कुणी सांगू शकत नाही, आणि पडायला वाराही लागत नाही. पण तिच्यामुळे झाडाचा निकाल लागत नव्हता. पर्णसंभार अंदाजे पाचवा हिस्सा कमी झाला होता. पाव हिस्सा गेला तरी धडधाकट झाड सहसा तग धरतं. निम्म्याहून जास्त गेला की मग विचार करावा लागतो.

दुपारी काका डांबराचा डबा घेऊन आले. जखमेवर लावायला. त्यांच्या वडिलांनी लावलेलं, त्यांनी लावलेलं. नको म्हणताना मला फार अवघडल्यासारखं झालं, कारण माणूस प्रेमाने घेऊन आला होता. पण झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य झाडं उभी चिरून हे दाखवलं, त्यांची मांडणी १९७७ ची. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंती घालून त्याला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत राहतं. वरून डांबर फासलं तर कूज थांबत नाही, उलट ओल आत राहते. हे काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, "बरं, मग डबा कंपाउंडच्या दाराला लावतो," आणि खरंच लावला. दार आता हाताला चिकटतं.

दुसरा सल्ला नवऱ्याचा: खोड पोकळ आहे का बघू. लाकडी हातोडीने ठोकून बघतात हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं. वरच्या लोंबत्या फांदीच्या उलट बाजूने जाऊन त्याने चार ठिकाणी ठोकलं, आणि कमरेच्या खाली एका जागी आवाज खरंच बदलला. टक टक टक, आणि मग डब्ब. त्याचा चेहरा पडला. इथे माझं गणित उपयोगी आलं. गोल दांड्याची वाकण्याला होणारी अडवणूक त्रिज्येच्या चौथ्या घातावर असते. मधला ७० टक्के त्रिज्येपर्यंतचा गाभा पूर्ण काढून टाकला तरी ०.७ चा चौथा घात ०.२४०१, म्हणजे जेमतेम पाव ताकद जाते. सायकलचा दांडा पोकळ असतो, बांबूही पोकळ असतो. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस मॅटेक यांचा एक ठोकताळा आहे की उरलेल्या लाकडाची जाडी त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी झाली की पोकळ झाडं मोडायला लागतात. त्यावर जाणकारांमध्ये वाद आहेत, आणि खोडाला एका बाजूला मोठी भगदाडं असतील तर तो लागूही पडत नाही, पण पोकळ म्हणजे संपलं असं नाही एवढं त्यातून कळतं. चौथा घात मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. अंगणात कधी भेटेल असं वाटलं नव्हतं.

मग आली कलण्याची गोष्ट. आमचा शिरीष पहिल्यापासून घराकडे कललेला. सगळेच म्हणत होते, "तो तर आधीपासून वाकडाच आहे, त्यात नवं काय?" आणि हे अर्धं बरोबर होतं. लहानपणापासून कललेलं झाड उगाच तिरकं राहत नाही, ते वर जाताना स्वतःला सावरत जातं. खोड कोयत्यासारखं वळतं आणि शेंडा पुन्हा सरळ आकाशाकडे जातो. रुंदपानी झाडं त्यासाठी कलत्या खोडाच्या वरच्या अंगाला ताण धरणारं वेगळं लाकूड बनवतात, सूचिपर्णी झाडं खालच्या अंगाला रेटा देणारं. असं म्हातारं कलणं बघून घाबरायचं कारण नाही.

आमच्याकडे अकरा वर्षांपूर्वीचा एक फोटो आहे. धाकटी झोक्यावर, मागे शिरीष, आणि बाजूला घराची खिडकी. खिडकीची चौकट उभी धरली तर खोडाचा कोन ४ अंश आणि वरचा शेंडा जवळजवळ सरळ. लॅपटॉपच्या पडद्यावर कोनमापक टेकवून मोजला, हसू नका. आता त्याच बाजूने बघायला मी काकांच्या वरच्या गॅलरीत गेले. झाडापासून २५ मीटर, बरोबर आडव्या अंगाने. सोबत बाबांचा ओळंबा.

बाबा गवंडी होते. त्यांचा पितळी ओळंबा माझ्या टेबलाच्या खणात असतो, टोक थोडं बोथट झालंय, दोरी मी दोनदा बदलली. तो गॅलरीच्या छताच्या हुकाला टांगला आणि हलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली. खुर्चीच्या चारी पायांभोवती खडूने वर्तुळं काढली, कठड्यावर फोनची जागा आखली आणि फोटो काढला. ओळंब्याची दोरी आणि खोड एकाच चौकटीत. खोड ७ अंश. शेंडा, जो फोटोत सरळ होता, तो ३ अंश.

हा आकडा मी तीन वेळा तपासला. खोड चारावरून सातावर आणि शेंडा शून्यावरून तिनावर. दोन्हीकडे तोच फरक. झाड मध्ये कुठे वाकलं असतं तर वरचा आणि खालचा फरक वेगळा आला असता. इथे आख्खं झाड एका सांध्याभोवती फिरलं होतं आणि तो सांधा जमिनीत होता.

मी धावतच खाली आले. घराच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे जिकडून वादळ आलं त्या पश्चिमेला, खोडापासून दोन पावलांवर पालापाचोळा पसरला होता. तो हाताने बाजूला केला. खाली मातीत चंद्रकोरीसारखी एक भेग. करंगळी आत गेली. भेगेच्या अलीकडची माती पलीकडच्यापेक्षा बोटभर वर आली होती, आणि तिच्यात ताणून तुटलेली केसासारखी बारीक मुळं दिसत होती. मी धाकटीची स्टीलची पट्टी आडवी धरली: १४ मिलिमीटर. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, वर वाळक्या शेंगा खुळखुळल्या, आणि पट्टीखालची भेग माझ्या डोळ्यांदेखत १७ झाली. झुळूक गेली, पुन्हा १४. मी पट्टी तिथेच टाकून निघून आले.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की झाडावरचा रेटा चौपट. आणि आठवडाभराच्या पावसाने भिजलेली माती मुळांना नीट धरत नाही. मोठ्या झाडाचीही बहुतेक मुळं वरच्या मीटरभरातच पसरलेली असतात. खोल सोटमूळ पाताळात गेलेलं असतं हे आपल्या मनातलं चित्र बरचसं खोटं आहे. म्हणजे झाड उभं असतं ते एका पसरट थाळीवर, आणि आमची थाळी एका कडेने उचलली जात होती.

पुढचे चार दिवस वारा नव्हताच. रोज सकाळी सातला तीच खुर्ची, तोच फोन, तोच ओळंबा. काकू चहाचा कप कठड्यावर ठेवायच्या, मी तो फोनपासून लांब सरकवायची. ७, ७, साडेसात, साडेआठ. दीड अंश ऐकायला काही वाटत नाही. १४ मीटर उंचीवर त्याचा अर्थ ३६ सेंटिमीटर, दीड वीत, आणि तेही वारा पडलेला असताना. कललेलं झाड मला चाललं असतं. हे कलत होतं. त्या रात्री आम्ही घराची ती अख्खी बाजू रिकामी केली.

दरम्यान दोघं जण दुचाकीवरून येऊन गेले होते. "शेंडा उडवून देतो, वजन कमी झालं की झाड थांबेल." मोह झाला होता. पण शेंडा छाटलेलं झाड त्या जागी घाईघाईने कोंब काढतं. ते कोंब वरच्या सालीलगतच्या लाकडात रुतलेले असतात, खोल नाही, आणि जाड झाले की तेच आधी निखळतात. शिवाय तुटलेली मुळं शेंडा छाटून जुळत नाहीत. सासूबाईंनी विचारलं, "दोरखंड लावून सरळ करता येणार नाही का?" मनगटाएवढं रोप असतं तर आलं असतं, लगेच उभं करून, मुळं ओली ठेवून, टेकू देऊन. दोन हातांच्या कवेत न मावणाऱ्या झाडाला ओढलं तर उरलेली मुळंही तुटतात. त्या काही बोलल्या नाहीत. शिरीष त्यांनीच लावलेला.

पाचव्या दिवशी दोर लावून झाडांवर चढणारा, हेच काम शिकलेला माणूस आला. तिशीतला, गळ्यात शिट्टी. पहिली दहा मिनिटं त्याने वर बघितलंच नाही. खोडाभोवती लांबून एक फेरी, मग बुंध्याशी उकिडवा बसला. भेगेजवळ पडलेली पट्टी उचलून माझ्या हातात दिली.

"ताई, ही इथे कुणी ठेवली?"

"मी."

"परत ठेवू नका. आपल्याला वाटतं झाड तिकडे पडणार म्हणून इकडे सुरक्षित. पडताना ही माती उचलली जाते आणि माणूस तिच्यावर असतो."

मग त्याने बुंध्याच्या पश्चिम अंगावरची एक खूण दाखवली, सालीवर अर्धवर्तुळाकार फिकट डाग. "इथे काही उगवलं होतं?" होतं. गंजाच्या रंगाचं, वार्निश लावल्यासारखं चकचकीत, फळीसारखं आडवं. दोन पावसाळे मी ते खुरप्याने काढून टाकत होते, वाईट दिसतं म्हणून. ते म्हणजे मुळं आणि बुंधा कुजवणाऱ्या कवकाचं नुसतं फळ होतं. झाडाने दोनदा चिठ्ठी पाठवली आणि मी दोनदा न वाचता फाडली.

"आणि इकडे कधी खणलं होतं का?"

मी लगेच नाही म्हणाले. अगदी ठामपणे.

झाडावर चढायला त्याने नकार दिला. जमिनीतून सुटत असलेल्या झाडाला चढणाऱ्याचं वजनही नको. परवानगीचा कागद हातात आल्यावर दोन दिवसांनी क्रेन आली, तिच्या टोपलीतून वरून एकेक तुकडा. प्रत्येक फांदीला आधी खालून अर्धवट काप, मग वरून, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. लोंबणारी फांदी मात्र त्याने सगळ्यात आधी दोराने बांधून उतरवली. शेवटी तीन मीटर खोड उरलं तेव्हा त्याने सगळ्यांना मागे हटवलं आणि बुंधा साखळीने क्रेनला बांधला. वरचं वजन गेलं की उचलली गेलेली थाळी परत आपल्या जागी बसते, कधी झटक्यात, आणि मध्ये आलेल्याला चिरडते. खोड कापलं, साखळी हळूहळू सैल केली, आणि बुंधा खड्ड्यात बसला. धप्प. काकांच्या गॅलरीतल्या कपबशा वाजल्या म्हणे.

जाता जाता त्याने काकांच्या झाडाकडेही एक नजर टाकली. त्यांचं झाड वादळात एक पानही न गाळता उभं होतं. त्याला दोन सारख्या जाडीच्या फांद्या, मधला सांधा अगदी अरुंद, दोन फांद्यांच्या मध्ये साल आत दबलेली. सालीला साल कधी चिकटत नाही. सांधा रुंद आणि गोलाकार असतो तेव्हा लाकूड लाकडात मिसळलेलं असतं; असा चिंचोळा असेल तर तो बघायला मजबूत आणि आतून सुटा. "हे एकदा तपासून घ्या," तो म्हणाला. काका अजून डांबराबद्दल विचारताहेत.

बुंधा उकरून काढला तो आठवड्याने. तीन बाजूंनी मांडीएवढी मुळं, कापल्यावर ओली आणि घट्ट. पश्चिमेला काहीच नाही. म्हणजे होती, पण खोडापासून हातभर अंतरावर सगळी एका सरळ रेषेत संपलेली, टोकं कुदळीने तोडल्यासारखी सपाट, काळी. नखाने दाबलं की भुसा व्हायची. त्या रेषेलाच लागून, वीतभर खाली, एक निळी नळी दिसली.

तेव्हा आठवलं. नऊ वर्षांपूर्वी कुंपणापलीकडे भाजीचा वाफा करायचा म्हणून मीच तो चर खणून घेतला होता. खणणाऱ्याने विचारलंही होतं, मुळं आडवी येताहेत, काय करू? मी खिडकीतूनच सांगितलं होतं, तोडा. वाफा काही झाला नाही. त्या नळीला आजवर पाणी जोडलेलं नाही.